मिळवतीचे मोल : चार आफ्रिकी लेखिकांच्या कादंबऱ्या

व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर माझे एक वयोवृद्ध स्नेही मला भेटावयास आले. मुलींच्या शिक्षणाचा त्यांनी जन्मभर पुरस्कार केला आहे आणि स्वतःच्या तिन्ही मुलींना पदवीपर्यंत शिकविले आहे. ते म्हणाले, "विषय चांगला घेतलात, पण सांगावयाचे ते एका वाक्यात सांगून होईल. बाई मिळवती झाली की तिचा निम्मा प्रश्न सुटला. मग ती आफ्रिकेतली असो, नाहीतर आपल्या आळीतली." मी विचारले, "आणि ती मुळातच मिळवती असली तर?" ते हसून म्हणाले, "मग तुम्ही व्याख्यान कशाला देता?"

श्रोतेहो, आजचे सर्व विवेचन त्यांच्या ह्याच प्रश्नाला धरून आहे. कारण ज्या चार कादंबऱ्यांविषयी मी बोलणार आहे, त्यांतील जवळजवळ प्रत्येक प्रमुख स्त्री मिळवती आहे. कोणी बाजारात बसते, कोणी शाळेत शिकविते, कोणी शेत पिकविते. पैसा तिच्या हातातून येतो, हे गावाला माहीत असते, नवऱ्यालाही माहीत असते. तरीही तिचा हिशेब मांडण्याची वेळ आली की त्या पैशाची रक्कम कोणी वहीत धरीत नाही. मोजली जातात ती मुले, आणि त्यांतही मुलगे. कमाई आणि किंमत ह्या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे ह्या लेखिकांनी जितक्या बारकाव्याने दाखविले आहे, तितके मी तरी अन्यत्र वाचलेले नाही.

एक खुलासा आधीच करतो. आफ्रिका हा एक देश नव्हे. पन्नासाहून अधिक देशांचे ते खंड आहे. माझ्यापुढील चार पुस्तके तीन देशांतील आहेत. दोन नायजेरियातील इग्बो समाजातली, एक सेनेगलमधील मुसलमान शहरी कुटुंबातले, आणि एक झिंबाब्वेतले, त्या देशाचे नाव ऱ्होडेशिया होते त्या काळातले. चार पुस्तकांवरून खंडभरच्या स्त्रियांविषयी निर्णय देण्याचे धाडस मी करणार नाही.

पहिले पुस्तक फ्लोरा न्वापा यांचे. ओगुटा ह्या सरोवराकाठच्या गावी १९३१ साली त्यांचा जन्म झाला. त्यांनी आपल्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित चिनुआ अचेबे यांच्याकडे पाठविले, अचेबे यांनी ते लंडनच्या हाइनेमान ह्या प्रकाशनसंस्थेकडे धाडले आणि १९६६ साली 'एफुरू' प्रसिद्ध झाली. नायजेरियातील स्त्रीने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेली ही पहिली कादंबरी होय. पुढे न्वापाबाईंनी स्वतःची प्रकाशनसंस्थाही काढली. लेखिकेचे पुस्तक कोणत्या वाटेने वाचकापर्यंत जाते, हे त्यांना अनुभवाने कळले असावे.

एफुरू ही एका प्रतिष्ठित घरची सुंदर मुलगी. ती आपल्या मनाने अडिझुआ नावाच्या गरीब तरुणाबरोबर निघून जाते. आपल्याकडे जुन्या काळी काही जातींत वराकडून मुलीच्या बापाला द्रव्य मिळत असे, त्याला देज म्हणत. इग्बो समाजात लग्न पुरे होते ते देज दिल्यावर. अडिझुआजवळ ते नाही. मग एफुरू काय करते? ती व्यापार करते. शेतावर तिचे मन रमत नाही, परंतु बाजारात तिच्या हाताला यश आहे. त्या नफ्यातून देजाची रक्कम उभी राहते आणि ती बापाला पोचविली जाते. म्हणजे स्वतःच्या लग्नाची किंमत तिने बव्हंशी स्वतःच्याच कमाईने भरली. लेखिका ह्यावर एक शब्दही टीका करीत नाही. गावकऱ्यांना त्यात वावगे दिसत नाही, एफुरूलाही दिसत नाही. वाचणाऱ्याने मात्र तेथे थांबावे.

येथे थोडे विषयांतर करतो. इग्बो स्त्रीला बाजाराने केवळ पैसा दिला नव्हता, संघटनाही दिली होती. एखाद्या पुरुषाने बायकोला फार छळले, किंवा बाजाराचे नियम मोडले, तर गावच्या बायका जमून त्याच्या दाराशी जात, त्याची निंदा करणारी गाणी गात, आणि तो शरण येईपर्यंत हलत नसत. १९२९ साली ब्रिटिश सरकार आता बायकांवरही कर बसविणार अशी वार्ता पसरली, तेव्हा ह्याच रीतीने हजारो स्त्रिया सरकारने नेमलेल्या मुखियांच्या दारांशी आणि कचेऱ्यांपुढे जमल्या. सरकारने गोळीबार केला. पन्नासाहून अधिक स्त्रिया मारल्या गेल्या. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला 'आबाची दंगल' म्हटले. त्या प्रदेशात ते 'स्त्रियांचे युद्ध' म्हणून ओळखले जाते. तेव्हा ह्या समाजातील स्त्री दुबळी होती आणि लेखणी हाती आल्यावर ती जागी झाली, असे समजून ही पुस्तके उघडू नयेत.

परत एफुरूकडे येऊ. तिला एक मुलगी होते. काही काळाने अडिझुआ दुसऱ्या बाईबरोबर निघून जातो, आणि मुलगीही मरते. एफुरू दुसरे लग्न करते, तेही पुढे मोडते. ह्या सगळ्या काळात तिचा व्यापार चाललेला आहे. ती गरजूंना कर्जाऊ पैसे देते, एका म्हातारीच्या दुखऱ्या पायावर शस्त्रक्रिया करविते. गाव तिची स्तुती करते आणि त्याच दमात कुजबुजते, की दुसरे मूल नाही. तिच्या स्वप्नात उहामिरी येऊ लागते. उहामिरी ही सरोवराच्या तळाशी राहणारी देवता. ती आपल्या भक्तिणींना रूप देते, संपत्ती देते. बहुधा मूल देत नाही. कादंबरीच्या अखेरीस एफुरू बापाच्या घरी परतली आहे आणि शांत झोपली आहे. पुस्तक संपते ते एका प्रश्नावर: ह्या देवतेला मातृत्वाचा आनंद ठाऊकच नाही, मग बायका तिची पूजा का करतात?

न्वापाबाई उत्तर देत नाहीत. तेरा वर्षांनी दुसऱ्या एका लेखिकेने त्याच शब्दांवरून आपल्या कादंबरीचे नाव घेतले. बुची एमेचेटा यांची 'मातृत्वाचे आनंद' १९७९ साली प्रसिद्ध झाली. ह्या बाईंचे स्वतःचे आयुष्य एखाद्या कादंबरीला पुरेल असे होते, आणि त्यांनी ते पुरविलेही. त्यांचे लग्न सोळाव्या वर्षी झाले. त्या नवऱ्यामागोमाग लंडनला गेल्या. त्यांच्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित नवऱ्याने जाळून टाकले. बाविसाव्या वर्षी त्या पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या, नोकरी करीत समाजशास्त्राची पदवी मिळविली, आणि पहाटे मुले उठण्यापूर्वी लिहीत राहिल्या. जाळलेली ती कादंबरीही त्यांनी पुन्हा लिहून काढली. २०१७ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

'मातृत्वाचे आनंद' हे नाव उपरोधाचे आहे, हे पहिल्याच प्रसंगी कळते. लागोस शहरात न्नू एगो नावाची एक तरुणी धावत सुटली आहे; तिचे तान्हे मूल मेले आहे आणि तिला पुलावरून पाण्यात उडी टाकावयाची आहे. लोक तिला धरतात, बोल लावतात. पण तिच्या गावचा मनुष्य भेटून तिचे दुःख काय ते कळले, की सर्वांचा सूर बदलतो. मूल नसलेली बाई वेडीपिशी होणारच, असे त्यांना वाटते. आधीच्या लग्नात मूल न झाल्यामुळे तिला नवऱ्याने शेतावर राबण्यास धाडले होते. आता लागोसचा नवरा, न्नाइफे, एका गोऱ्या कुटुंबाचे कपडे धुतो. मडमेचे आतले कपडेसुद्धा! न्नू एगोला त्याची किळस येते. पण मूल त्याच्यामुळे होणार, म्हणून ती राहते.

आणि मुले होतात. सात मुले वाढतात. नवऱ्याची नोकरी जाते, तो जहाजावर जातो, मग त्याला पकडून सैन्यात भरती करतात आणि दुसऱ्या महायुद्धात दूर देशी धाडतात. (पश्चिम आफ्रिकेतील दोन संपूर्ण डिव्हिजने त्या युद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलांत लढली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानात नाही.) ह्या साऱ्या काळात घर चालते ते न्नू एगोने विकलेल्या सिगारेटी, आगपेट्या आणि सरपण ह्यांवर. घरात सवत येते, अडाकू. ती न्नाइफेच्या मृत भावाची बायको. चालीप्रमाणे वारसा म्हणून दिराकडे आलेली. तिला मुलीच आहेत. दोघींत तंटा होतो, चूक न्नू एगोची असते, आणि निवाड्याला बसलेले जातभाई ते जाणूनही अडाकूलाच दंड ठोठावतात. कारण न्नू एगो मुलग्यांची आई आहे. अडाकू तत्काळ घर सोडते. आपण वेश्या होणार, असे ती सर्वांच्या तोंडावर सांगते. पुढे कापडाचा व्यापार मांडते आणि मुलींना शाळेत घालते. एमेचेटाबाईंनी तिला शिक्षा दिलेली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्या जुन्या कादंबऱ्यांत अशी बाई शेवटच्या प्रकरणापर्यंत क्षयाने मरावयाचीच.

माझ्या मते ह्या पुस्तकाचे मर्म न्यायालयातील एका प्रसंगात आहे. मुलीने परजातीत लग्न ठरविले म्हणून न्नाइफे कोयता घेऊन त्या घरावर चालून जातो आणि खटला उभा राहतो. वकील न्नू एगोला विचारतो, मुलांच्या शाळेची फी कोण भरतो? ती सरळपणे सांगते की नवरा भरतो. मग प्रत्यक्ष पैसे तीच मिळविते असे उघड होते. ती समजावून सांगते: मी फी भरते हे खरे, पण मी त्याची आहे, तेव्हा ती त्यानेच भरल्यासारखी होते. न्यायालयात हशा पिकतो. तिला लोक का हसतात ते कळत नाही. माझ्या स्नेह्यांच्या सिद्धांताला ह्याहून नेमका प्रतिप्रश्न मला सुचत नाही. ही बाई मिळवती आहे, वर्षानुवर्षे मिळवती आहे. पण 'माझे' हा शब्द आपल्या कमाईला लावावा, हेच तिला ठाऊक नाही.

आता सेनेगलकडे वळू. भाषा बदलते, धर्म बदलतो आणि वर्गही बदलतो. 'एक दीर्घ पत्र' ही मारियामा बा यांची फ्रेंच कादंबरीही १९७९ सालचीच. पुढच्या वर्षी तिला नोमा पुरस्कार मिळाला. तो आफ्रिकेतील पुस्तकासाठी होता, आणि ते त्याचे पहिलेच वर्ष. लेखिका शिक्षिका होत्या, नऊ मुलांच्या आई होत्या, घटस्फोटित होत्या. १९८१ साली त्या वारल्या. दुसरी कादंबरी छापून आलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

नायिका रामातुलाय हीही शिक्षिका. नवरा मोदू वारला आहे. मुसलमान विधवेने चार महिने दहा दिवस घरात राहावयाचे असते, त्या काळात ती बालमैत्रीण ऐसातू हिला पत्र लिहिते. बारा मुलांच्या ह्या संसारात मोदूने मोठ्या मुलीच्याच मैत्रिणीशी दुसरे लग्न केले होते आणि पहिल्या घरी पाऊल टाकणे बंद केले होते. त्याच्या मृत्यूनंतर कागदपत्रे निघतात, तेव्हा कळते की दोघांच्या शिलकेतून घेतलेले घर त्याने नवीन सासरच्या बंगल्यासाठी गहाण टाकले. घर दोघांच्या पैशाचे, खरेदीखत एकट्याच्या नावे. न्नू एगो अक्षरशत्रू होती, म्हणून तिला फसविणे सोपे गेले असे कोणी म्हणेल. पण येथे तर बाई शिकलेली आहे, पगारदार आहे, स्वातंत्र्याच्या चळवळीच्या वाऱ्यात वाढलेली आहे.

ऐसातूवर असाच प्रसंग आला होता. तिचा नवरा डॉक्टर. ती सोनाराची मुलगी आणि तो राजघराण्याच्या रक्ताचा, म्हणून सासूने मनात अढी धरली आणि आपल्या कुळातली मुलगी वाढवून मुलाच्या गळ्यात बांधली. सेनेगलमध्ये धंद्यावरून ठरलेल्या जाती आहेत, त्यांचे रोटीबेटीचे नियम आहेत. हा भाग वाचताना आपल्याला तळटिपांची गरज पडणार नाही. ऐसातू चार मुलांसह घर सोडते, पुन्हा शिकते, दुभाषी होते, अमेरिकेतील वकिलातीत नोकरी धरते. रामातुलाय घर सोडत नाही. ऐसातू तिला एक मोटार घेऊन देते, आणि बसच्या रांगेत ओशाळणारी ही प्रौढ बाई मोटार चालवावयास शिकते. कोण बरोबर, कोण चूक, हे बाबाईंनी सांगितलेले नाही, आणि वाचकानेही घाईने सांगू नये. सोडून जाणारीविषयी लेखिकेला जिव्हाळा आहे, तसाच राहणारीविषयीही. मला स्वतःला रामातुलायचा कधीकधी राग येतो. पण तो राग पुस्तकाने मुद्दाम आणविलेला आहे असे वाटते.

एक प्रसंग मात्र सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. चाळिसाव्याचा विधी होतो आणि मोदूचा थोरला भाऊ ताम्सीर घरी येऊन जाहीर करतो की आता तू माझी बायको होणार. न्नू एगोच्या घरी अडाकू जशी आली, तशीच ही चाल. रामातुलाय तीस वर्षे दाबलेला आवाज सोडते. ती त्याला नीतीचे पाठ देत नाही. ती त्याचा जमाखर्च मांडते. तुझी एक बायको कापड रंगविते, दुसरी फळे विकते, तिसरी शिवणयंत्र फिरविते, आणि त्यांच्या श्रमांवर तू सुखाने बसतोस. मला त्यांत चौथी होणे नाही! न्यायालयात न्नू एगोला जो हिशेब मांडता आला नाही, तो येथे रामातुलाय मांडते. दोन्ही पुस्तके एकाच वर्षीची, आणि त्यांना वाचून दाखविणारा कोणी मध्यस्थ नव्हता, हे ध्यानात घ्यावे.

चौथे पुस्तक त्सित्सी दांगारेम्ब्गा यांचे, १९८८ सालचे. त्याचे नाव मराठीत आणावयाचे तर 'अस्वस्थ अवस्था' असे काहीसे होईल. ह्यात मूल होण्या न होण्याचा प्रश्न मागे पडतो आणि शाळा पुढे येते. तांबू ही खेड्यातली मुलगी. पैसे फक्त तिच्या भावाच्या फीपुरते आहेत. ती बी मागून घेते, स्वतः मका पिकविते, कणसे विकून फी भरावयाचे ठरविते. कणसे नाहीशी होऊ लागतात. ती भाऊच चोरतो. अखेर शिक्षकांबरोबर शहरात गेली असता एक गोरी बाई कणव येऊन तिला दहा पौंड देते. बाप शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी वाद घालतो: मुलगी माझी, म्हणून पैसा माझा, शिवाय ती शिकून मिळविणार ते परक्या घरी नेणार! न्नू एगोचे म्हणणे आणि ह्या बापाचे म्हणणे शेजारी ठेवून पाहा. तिने जे भक्तिभावाने मानले, तेच हा हक्काने मागतो.

भाऊ मरतो, तेव्हा त्याची शाळेतली जागा तांबूला मिळते. आपल्याला भावाच्या मृत्यूचे दुःख झाले नाही, असे ती पहिल्याच वाक्यात सांगून टाकते. ती काकांच्या मिशनच्या घरी राहावयास जाते. त्यांना बाबामुकुरू म्हणतात आणि काकूला मायगुरू. ही नावे नव्हेत, नाती आहेत: थोरले बाबा, थोरली आई. तेथे तिला एक दिवस कळते की काकूनेही इंग्लंडमध्ये उच्च पदवी मिळविली आहे. लोक समजत होते, ती नवऱ्याची उस्तवारी करण्यास गेली होती. तिचा पगार बाबामुकुरूंच्या औदार्यात जिरतो. सणाला जमलेल्या गोतावळ्याचे अन्न त्यातून येते, आणि आशीर्वाद मिळतात ते त्यांना. शेवटी ती भांडून निघते, भावाकडे जाते आणि पाच दिवसांनी परत येते. तिची मुलगी न्याशा हिला दुःख ह्याचे, की आई सुटून गेली तीही पुरुषाच्याच आसऱ्याला. न्याशाचे बालपण इंग्लंडमध्ये गेले, तिला दोन्ही जगांतील ढोंग दिसते, आणि तिचे बंड तिच्या स्वतःच्या शरीरावर उतरते: ती अन्न टाकते, घेतलेले ओकून काढते. सर्वांत अधिक शिकलेल्या ह्या घरात सर्वांत भीषण दुःख आहे. तांबूची अडाणी आई ह्याला 'इंग्रजीपणा' म्हणते. तिचे निदान अपुरे असेल, परंतु ते मूर्खपणाचे नाही.

घानाच्या अमा अता ऐडू यांनी १९९१ साली 'बदल' ह्या कादंबरीत ह्याच्याही पुढची बाई उभी केली: सरकारी अधिकारी, स्वतःची मोटार, नोकरीबरोबर मिळालेले घर. ती नवऱ्याचा जुलूम झाल्यावर त्याला सोडते आणि मग राजीखुशीने दुसऱ्याची दुसरी बायको होते. त्या पुस्तकाला स्वतंत्र व्याख्यान हवे.

ह्या लेखिकांना स्त्रीवादी म्हणावे की नाही, ह्यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. एमेचेटाबाई म्हणत की मी स्त्रीवादी असेन तर लहान अक्षरातली. तिकडच्या काही विदुषींनी वेगळे शब्दच घडविले, कारण युरोपातील चळवळीचा अनुभव आपल्या अनुभवाशी जुळत नाही असे त्यांना वाटले. मला हा वाद निव्वळ शब्दांचा वाटत नाही. जेथे बाईला कामाला बाहेर पडण्याची मुभा हवी होती, तेथील चळवळीने नोकरी मागितली. जेथे बाई पिढ्यानपिढ्या बाजारातच बसलेली होती, तेथे तिला मागावयाचे होते ते निराळे. आणि ते काय, हे प्रत्येक लेखिकेने वेगळे सांगितले. न्वापाबाईंना वाटते, मूल नसलेल्या आयुष्यालाही मान असावा. बाबाईंना मैत्रीचा आधार पतीच्या आधाराहून भरवशाचा वाटतो. दांगारेम्ब्गाबाईंना शिक्षण हवे आहे, आणि त्याची भीतीही वाटते.

राहता राहिल्या एमेचेटाबाई, आणि उहामिरीचा तो प्रश्न. न्नू एगोचा थोरला मुलगा शिकावयास अमेरिकेला जातो, त्याच्या पाठचा कॅनडाला. पत्रे येत नाहीत. ती गावी परत येते, भ्रमिष्टासारखी वावरते, आणि एका रात्री रस्त्याच्या कडेला एकटीच मरते. सात मुलांतील एकाचाही हात तिच्या हाती नसतो. मग मुलगे येतात, कर्ज काढून थाटाचे उत्तरकार्य करतात, तिच्या नावाने एक देवस्थान उभारतात, म्हणजे मूल न होणाऱ्या नातसुनांनी तेथे येऊन नवस करावा. त्या येतात, नवस करतात. न्नू एगो कोणालाही मूल देत नाही.